फिलर

भुसावळला बाहेर सेहेचाळीस, आत अठरा.
मशीनसाठी ठेवलेल्या त्या गारव्यात
मी, टेपचा ड्राइव्ह
आणि स्वेटर घालून आलेले दिगंबर फेगडे.
निवृत्त. सावद्याहून सकाळच्या पॅसेंजरनं.
पिशवीत कळण्याची भाकरी, ठेचा, पेन्सिलीनं लिहिलेली वही.

कागदपत्रं कुठेच नव्हती.
वही न उघडता ते पाढ्यासारखं म्हणाले:
एक ते सहा टोकन,
सात ते सव्वीस नाव,
पुढचे पाच बाइट पगार, पण तो दाबून भरलाय,
एका घरात दोन आकडे,
जिनात रुईची गाठ दाबतात तसा.

पहिल्यांदा मी सगळंच मजकूर समजून आणलं.
नावं नीट उतरली.
पगाराच्या जागी कंस, टिंबं, एक उलटं प्रश्नचिन्ह:
लोको शेडचा अख्खा मार्च महिना.

दुसऱ्यांदा काहीच न बदलता आणलं.
पगार शाबूत, नावांचं मातेरं.
तिकडचा ए एकशे त्र्याण्णव, इकडचा पासष्ट,
हे ठाऊक होतं.
पण तिकडची मोकळी जागा चौसष्ट, इकडची बत्तीस;
काही नाही, हेसुद्धा
बदलून लिहावं लागतं,
हे कॉलेजात कुणी बोललं नव्हतं.

मग रकान्यागणिक. नावाला तक्ता लावायचा,
पगाराला हात लावायचा नाही,
शेवटचा अर्धा बाइट तेवढा बघायचा:
सी असला तर देणं, डी असला तर वसुली.
कुरबान सांडू तडवी मावला, दोन घरं उरली.
लक्ष्मीनारायण तोताराम: वीस भरले,
आडनाव बाहेरच.
चौतीस वर्षं तसाच पगार घेतला त्यानं.

‘सत्त्याहत्तर ते ऐंशी फिलर. सोडून द्या.’
फेगडे हे जरा घाईनं म्हणाले,
म्हणून मी बघितलं.
चार हजार तीनशे बारा नोंदींत
एकोणीस ठिकाणी, अठ्ठ्याहत्तराव्या घरात, बी.

त्यांनी चहा बशीत ओतला, प्याले नाहीत.
‘बी म्हंजे बाई.
ह्यांचा पगार ह्यांच्या हाती द्यायचा नाही.
यादीत बी दिसला की कोठारी कॅशियर
खिडकी लावून जेवायला जायचा.
मागच्या दारी बाया यायच्या.’
नियम होता?
‘नियमात असतं, पोरी,
तर फिलरमधी काहून टाकलं असतं?’

पहिली यमुनाबाई इंगळे.
शेडच्या फाटकात उभी, कडेवर पोर,
एका पायात चप्पल.
‘तिचं केलं. मंग अठरा आल्या.’

एकोणिसांतले चौदा आता नाहीत.
पेन्शन त्या बायांच्याच नावावर जाते,
रीतसर, बँकेत.
नव्या मशीनच्या आराखड्यात फिलर नाही.
कंत्राटात लिहिलंय, न वापरलेले बाइट गाळावेत.

मी शेवटी एक रकाना वाढवला.
रुंदी एक. नाव ‘शेरा’.
कुणी विचारलं तर काय सांगायचं
ते अजून ठरवलेलं नाही.

संध्याकाळी पाचला फाइल गेली.
एकशे चौऱ्याण्णवचे सहासष्ट, एकोणीस वेळा.
बाकी सगळीकडे चौसष्टचे बत्तीस.
वाचल्या चार हजार तीनशे बारा,
लिहिल्या चार हजार तीनशे बारा.
मागे वळले तर फेगडे
दारात उभे राहून स्वेटर काढत होते.