इतिवृत्तात न आलेलं

वीस वर्षं मी बैठकांचं इतिवृत्त लिहिते.
निळी शाई, डावीकडे समास,
वर तारीख, खाली हजर असलेल्यांच्या सह्या.
वाद पेटला की लिहायचं : सखोल चर्चा झाली.
खुर्ची फेकली गेली की : काही साथींनी तीव्र भावना मांडल्या.

शालिमारच्या मागच्या बोळात, सायकलच्या दुकानावर,
अकरा पायऱ्या चढून आमचं कार्यालय.
सातव्या पायरीचा कोपरा तुटलेला.
सिमेंट कोणत्या खात्यातून आणायचं
यावर दोन ठराव आहेत. दोन्ही नामंजूर.

तांबोळीभाई आणि गांगुर्डे अण्णा
सातपूरच्या संपात एका बेडीत गेले होते नाशिकरोडच्या तुरुंगात.
एक घोंगडं, एक बिडी, अर्धी-अर्धी.
भद्रकालीतून तांबोळींच्या आईचा डबा आला
की अण्णा आधी उघडायचे.
हे मला दोघांनीही सांगितलंय,
वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांचं नाव न घेता.

मग आघाडी की स्वबळ.
या तीन शब्दांनी आमचं कपाट मधोमध कापलं.
शिक्का भाईंकडे, शाईचं पॅड अण्णांकडे.
मेगाफोन एका घरी, त्याचे सेल दुसऱ्या.
मी म्हटलं, निदान पंखा तरी राहू द्या.
पंखा राहिला. वीजबिल कोणी भरलं नाही.

एकाला पक्षाचं चिन्ह मिळालं, दुसऱ्याला शिवणयंत्र.
सिडकोतल्या एकाच चौकात दोन सभा,
दोन्हीकडे तेच पोवाडे, कारण शाहीर एकच होता,
सात वाजता इकडे, साडेआठला तिकडे,
मधल्या वेळात भजी खाऊन, डफ मांडीवर ठेवून.
दोन्ही गटांनी त्याचे पैसे थकवलेत.

अंबडच्या गोदामात मोजणी.
सोळाव्या फेरीपर्यंत आमचे दोन्ही प्रतिनिधी
एकाच बाकावर येऊन बसले होते,
पाण्याची एकच बाटली, बोलणं नाही.
नोटा आमच्या पुढे होतं.

रात्री जो तो म्हणाला, फुटलो नसतो तर निघाली असती सीट.
मी बेरीज केली. बिलाच्या मागे, दोनदा.
एकत्र धरूनही चौथे.
तो कागद मी कोणाला दाखवला नाही.
त्या 'तर'वर दोघांचं म्हातारपण चाललंय,
मी कशाला काढून घेऊ.

सोमवारी गेले तर दाराला दोन कुलुपं
आणि वरच्या पायरीवर एक बाई.
चंद्री भोये, सुरगाण्याकडची, पहाटेच्या एसटीने आलेली.
पिशवीत वनहक्काचा दावा, तिसऱ्यांदा फेटाळलेला,
आणि फडक्यात नागलीच्या चार भाकरी, कार्यालयासाठी.
म्हणाली, लाल बावट्याचं हेच ना?
हेच.
तिने कुलुपांकडे पाहिलं.
चोऱ्या फार होत असतील इकडं, म्हणाली.

तिथेच बसून अर्ज लिहिला,
उरलेल्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर.
कोणत्या गटाचं पत्रक ते पाहिलं नाही.
खोटं. पाहिलं, मग उलटं केलं.
शिक्का नाही, पॅड नाही.
पेनातली नळी तोडून शाई काढली,
तिच्या डाव्या अंगठ्याला चोळली.
शेजारच्या बोटावर मतदानाची रेघ अजून काळी.
मत कोणाला दिलं, ते ती बोलली नाही, मीही नाही.

अंगठा उमटवून तिने विचारलं,
हे आता कोणाकडं द्यायचं?

कलेक्टर कचेरीत. चल, मी येते.
भाकरी परत पिशवीत गेल्या.
उतरताना, सातव्या पायरीशी, मी म्हटलं, जपून हं.
ती म्हणाली, चढतानाच बघितली, खाली दगड सारलाय.

पाय दिला. जरा हलला.