मुदत

पोर्तोच्या त्या इमारतीत
आधी जिन्यातला दिवा गेला, मग पाण्याचा दाब,
मग घरमालकाचा पुतण्या आला, वाल्देमार.
हातात केकचा खोका, खिशात जाड पाकीट.
"नाताळाच्या आत खोली मोकळी करा,
तुमच्याच भल्याचं सांगतोय."

दुसऱ्या मजल्यावर मी सही केली.
नोटा मोजल्यासुद्धा नाहीत.

तिसऱ्यावर फेलिझ्मिना,
एकवीस वर्षं लोकांच्या विजारी आखूड करणारी.
तिनं शिवणाच्या डब्यातून, बटणांखालून,
करारपत्र काढलं
आणि त्यालाच वाचायला लावलं.
"मोठ्यानं, बाळा. तारीख वाच."
तो पुटपुटला: एकतीस मार्च.
"खाली सही कुणाची?"
काकाची.
"मग तोवर ही खोली माझी.
आणि जाताना दिव्याचं बघ.
केक राहू दे."

मी जिन्यातच होतो, अंधारात,
खांद्यावर गुंडाळलेली गादी.
तिनं दार जरा किलकिलं धरलं,
माझ्या पायऱ्यांपुरता उजेड पडला.
"तुमची मुदत कधीपर्यंत होती हो?"

मला ठाऊक नव्हतं.
कागद मी कधी उघडलाच नव्हता.

आता नदीपलीकडे, बहिणीच्या सोफ्यावर.
पाय बाहेर येतात. पाकीट केव्हाच संपलं.
रात्री भाच्याची दुर्बीण घेऊन गॅलरीत जातो,
बहीण म्हणते, काय बघतोस एवढं?
तिसरा मजला, डावीकडून दुसरी खिडकी.
शिवणयंत्रावर वाकलेलं डोकं.

आज फेब्रुवारीची नऊ.
अजून पन्नास दिवस.