चौदा तारखेच्या आत

अल खोरच्या शाळेत मी दहावीला इंग्रजी शिकवते.
बाहेर सत्तेचाळीस अंश, आत एसीची घरघर
आणि फळ्यावर, चौदा ओळींत मावलेला एक जुना प्रियकर
तिला बजावतोय: तू मरायची नाहीस,
मी लिहिलंय ना तुला.

चारशे वर्षं झाली, मी म्हणते, तरी बघा.
मुलं बघतात. घड्याळाकडे.

शेवटच्या बाकावरची नजीहा हात वर करते:
मिस, तिचं नाव काय होतं?

मी पान उलटते. तळटीपा चाळते.
केस आहेत तिचे, गाल आहेत,
काळाला दिलेली एक लांबलचक धमकी आहे.
नाव नाही.
माहीत नाही गं, म्हणते, तेवढ्यात बेल होते.

घरी कुणी नाही. पराशर समुद्रात,
गॅसच्या रिगवर, अठ्ठावीस दिवस.
निघायच्या आदल्या रात्री दोनपर्यंत ओट्याशी उभा होता.
फ्रीझर उघडला की डब्यांवर चिकटपट्ट्या,
काळ्या मार्करने:

शालमली, हमूरचं कालवण, नऊच्या आत.
शालमली, वालाची उसळ, अकराच्या आत.
शालमली, हे तिखट झालंय, दही घे, चौदाच्या आत.

सतरा वर्षांत एकदाही त्याला
माझ्या नावातला ल अर्धा करता आला नाही.
लाल पेन माझ्या हातातच असतं,
चाळीस पेपर तपासायचे पडलेत,
पण तेवढी एक चूक मी राखून ठेवलीय.

अमर वगैरे नाही केलं त्याने मला.
त्याच्या लेखी सगळंच खराब होतं:
कालवण, व्हॉल्व्ह, पाइपांचे सांधे,
आमची इथली ओळखपत्रं
(दर वेळी नवा फोटो, दर वेळी त्याचं कपाळ जरा मोठं).
म्हणून तर तारीख घालतो.
म्हणून तर फोन लागला की आधी विचारतो,
जेवलीस?

आज तेरा. शेवटचा डबा बाहेर काढलाय.
पट्टी सोलली तर हातालाच चिकटून बसली,
वाफेने शा थोडा पसरलाय.
मार्करवर छापलेलं असतं, पर्मनंट.

कुठे ठेवावी कळेना. पुस्तक उघडंच होतं.
त्या चौदा ओळींच्या खाली,
कोऱ्या जागेत, जिथे नजीहा बोट ठेवेल,
तिथे चिकटवली.

मग चप्पल घातली
आणि खालच्या बकाल्यातून दही आणायला गेले.