टाचेवरची गाठ

कन्नमवार नगरातली लॅब, सकाळचे साडेसात.
शार्विल उपाशी, म्हणून रुसलेला.
समोरच्या गाडीवर पहिला घाणा उतरतोय
आणि तो माझ्याकडे बघतही नाही.

"मला काय झालंय?"
काही नाही रे.
काही झालेलं नसतं तेव्हाच बघायचं असतं,
हे नऊ वर्षांच्या पोराला कसं सांगू?

सासऱ्यांच्या टाचेवर गाठ होती.
चप्पल चावते, म्हणायचे.
एक्केचाळिसाव्या वर्षी कंपनीच्या गेटवर
जरा टेकले, ते उठलेच नाहीत.
यांच्याही टाचेवर तीच गाठ;
आम्ही तीनदा बूट बदलले.
छत्तिसाव्या वर्षी स्टेंट पडला, तेव्हा कुठे
एका डॉक्टरीणबाईंनी चादर वर करून पाय पाहिले
आणि म्हणाल्या,
मुलाला घेऊन या.

सुई टोचली. रडला नाही.
नळीत चढणारं रक्त बघत म्हणाला,
"यातलं बाबांचं किती, तुझं किती?"

रिपोर्ट संध्याकाळी.
बाकावर बसून मी त्याच्या मोज्यात बोट घालते,
टाच चाचपते.
साफ आहे.
परत चाचपते.

"आई, गुदगुल्या!
आता वडा दे."