डावा हातमोजा

नगरपालिकेच्या पत्रात एकच प्रश्न होता:
संग्रहालयाच्या वेबसाइटवर महिन्याला माणसं किती येतात?
शुक्रवारपर्यंत आकडा द्यावा.
खाली सही, राइनो कुओस्मानेन, हिशेब विभाग.
'अन्यथा' हा शब्द त्यानं लिहिला नव्हता,
त्याच्यापुरती जागा मात्र सोडली होती.

एकतीस वर्षं मी पोस्टात शिक्के मारले.
मोजणं मला नवं नाही.
वाचनालयाच्या तळघरात, लिंगनबेरीच्या बरण्यांशेजारी
सर्व्हर घुरघुरत पडलेला असतो म्हाताऱ्या कुत्र्यासारखा,
आणि आपली नोंदवही आपणच लिहितो:
कोण आलं ते नाही, कुठल्या पत्त्यावरून आलं,
किती वाजता, काय मागितलं, मिळालं की नाही.
ओळीमागून ओळ. नाव नाही, चेहरा नाही.

जानेवारी: एक्केचाळीस हजार दोनशे सहा ओळी.
मार्कुनं शिट्टी वाजवली. "हाच आकडा पाठव, हिल्पा,
कुओस्मानेनची दातखीळ बसेल."
मी म्हटलं, थांब, आधी पाखडू.

एक पान उघडलं की बारा चित्रं मागवली जातात,
म्हणजे पाहुणा एक आणि ओळी तेरा.
चित्रं बाजूला काढली.
मग यंत्रं: रात्रंदिवस जाळं विणत फिरणारे कोळी,
दर पाच मिनिटांनी "जिवंत आहेस ना?" विचारणारा पहारेकरी,
जे दार आम्ही बसवलंच नाही
त्याचं कुलूप हलवून बघणारे चोर.
काही आपलं नाव सांगतात, सभ्यपणे.
काही माणसाचा कोट घालून येतात,
पण एका सेकंदात चाळीस पानं वाचणारा माणूस
मी तरी आमच्या गावात पाहिला नाही.
सगळी खोगीरभरती. काढली.

मग मी स्वतः, रोज सकाळी दार उघडतंय ना बघणारी.
मग मार्कु. तो नाही म्हणाला,
त्याचा पत्ता हो म्हणाला.

सुपात उरले एकशे अठरा.
तेही पेन्सिलनं लिहावेत असे:
शाळेच्या एका पत्त्यामागे अख्खा वर्ग बसलेला असतो
आणि बसमधून बघणारी एकच बाई
वाटेत दोनदा पत्ता बदलते.

फेकलेल्या ढिगात चारशे चारच्या ओळी होत्या.
मागितलं, पण इथे नाही.
पोस्टात असली पत्रं मी वेगळ्या खणात ठेवायचे,
पत्ता चुकलेली. ती फेकायची नसतात.
चोर वगळले तरी तेवीस राहिल्या,
तेवीस पत्त्यांवरून एकच मागणी:
हातमोजे, नक्षी सात, डावा.

असं पान आम्ही कधी केलंच नव्हतं.
उजव्याची नक्षी दिली होती, चौकटी मोजून,
खाली लिहिलं होतं, डावा आरशातल्यासारखा विणावा.
लोक पत्त्यातलं 'उजवा' खोडून
'डावा' लिहून बघत होते, असेलच या भरवशावर.
एकीनं तर रात्री दोन ते तीनमध्ये सहा वेळा,
कधी शब्द जोडून, कधी मध्ये रेघ घालून.
मला तिच्या मांडीवरचा गुंडा दिसला,
अंगठ्यापाशी अडकलेल्या सुया.

गुरुवारी कपाटातून खरा डावा काढला.
बघते तर तो आरशातला नव्हताच.
विणणारीनं डाव्या तळव्यात
एक चांदणी जास्त घातली होती.
का, ते सांगायला आता कुणी नाही.
चौकटी मोजल्या. पान केलं. चढवलं.

शुक्रवारी कुओस्मानेनला लिहिलं: सुमारे एकशे अठरा.
आणि तेवीस जणांना हवं ते आमच्याकडे नव्हतं,
आता आहे.
त्यानं उलट विचारलं,
दुसरं वाक्य कुठल्या रकान्यात टाकू?

शनिवारी, पहाटे दोन चाळीसला,
तोच पत्ता, तीच मागणी,
ओळीच्या टोकाला दोनशे.
त्यानंतर ती आलेली नाही.
विणत असेल.