पंचम उतरवून

दाजी पेठेतल्या शाळेचा वरचा हॉल.
फळ्यावर खडूनं लिहिलंय: वाद्यसभा, दिवस दुसरा.
त्याखाली सकाळची बेरीज अर्धी पुसलेली,
हातचा एक कुणीतरी वर लिहून ठेवलेला, तसाच.

मी तानपुऱ्याला.
दिवसा टॉवेलच्या कारखान्यात डझन मोजते,
संध्याकाळी चार तारा.
पत्रिकेत माझं नाव नाही, असायचं कारणही नाही.
सारंगीला दस्तगीर नदाफ, व्हायोलिनला सत्तय्या येलदी,
तबल्यावर रेवणसिद्ध, अजून मिसरूड फुटतंय.
"रागेश्री," येलदी म्हणाले, "पंचम नको."
म्हणून पहिली तार खाली आणली
आणि मध्यमापाशी ती जरा थबकली,
जिन्यात ओळखीचं माणूस भेटल्यासारखी.

भिंतीपलीकडे माग चालू.
अठरा माग, खटक्-खटक्, खटक्-खटक्,
प्रत्येक मींडेत येऊन पडायचे
भातातल्या खड्यासारखे.
मसरे वकिलांनी माईकवरून तीनदा माफी मागितली.
पुण्याहून आलेल्या निवेदिका बाई
धागा आणि तार ह्यांच्याविषयी काही सुंदर बोलल्या.
येलदी मान खाली घालून गजाला राळ लावत राहिले.
त्यांचा बाप तेवीस वर्षं त्या आवाजात उभा होता.
शेवटी शेवटी त्याला हाक मारायची
म्हणजे खांद्यावर हात ठेवावा लागायचा.

नऊ वीसला वीज गेली.

माईक गेला, पंखे गेले,
आणि पलीकडचे अठराही एकदम.
ह्या पेठेत मी इतकं शांत कधी ऐकलं नव्हतं.
कुणाच्या तरी डब्यातल्या शेंगाचटणीचा
लसणाचा वाससुद्धा मोठा झाला.
वकील धडपडत उठले: जनरेटर, अरे जनरेटर!
अंधारातून चाचांचा आवाज, "बैठो वकीलसाब,"
आणि त्यांनी गांधाराला हात घातला.

आतापर्यंत माईकवर नुसती सारंगी होती.
आता चाचांची नखंही होती,
नखाच्या कडेनं तार दाबताना होणारी कुरकुर,
मांडी बदलताना गुडघ्यानं केलेली तक्रार,
समेच्या आधी रेवणसिद्धानं गिळलेली थुंकी.

मग जिन्यावर चपला.
एक, दोन, मग बरेच जण.
मोबाईलच्या उजेडात केसांतला कापूस दिसला.
लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले.
"वाजवा की वं," एक जण म्हणाला,
"आमचं बी बंदच हाय."

येलदींनी कोमल निषादावरून एक जागा घेतली
आणि चाचांकडे सोपवली.
चाचांनी उत्तर दिलं नाही.
विसरले, की हात दुखला, की मुद्दाम,
मी विचारलं नाही नंतरही.
झपतालाचं एक अख्खं आवर्तन
ठेक्यावर फक्त माझ्या तारा.
दहा मात्रा.
चौदा वर्षं मी लोकांच्या मागे बसतेय,
मला माहीत नव्हतं त्या चौथ्या तारेत
एवढी माणसं मावतात.

नऊ त्रेचाळीसला ट्यूब दोनदा लुकलुकली.
ते सगळे उठले, तान अर्धीच होती.
त्यात अपमान नव्हता, मीटरवर पैसे मिळतात.
एका म्हाताऱ्यानं जाता जाता
बाक आवाज न करता, दोन्ही हातांनी उचलून
जागच्या जागी ठेवला.

खटक्.
मग दुसरा. मग अठरा.
वकिलांनी माईकवर फुंकर मारून पाहिली,
बाईंनी कागद पुन्हा उघडला.
येलदी भिंतीकडे बघत होते,
खांद्यावर कुणी हात ठेवावा तसे.

डोक्यावर पंखा फिरू लागला,
काळी दोनच्या किंचित खाली.
मी खुंटीकडे हात नेला,
मग परत घेतला.