सत्तर मीटर

तलावाची पाळ तीनशे चाळीस मीटर.
मंजुरी सत्तरची.
दर मीटरला एकोणीसशे चाळीस,
पाइप, सिमेंट, रंगाचे दोन हात धरून.
मजुरी कमी लावली,
ते कोटेशनमध्ये दिसत नाही.

सत्तर कुठं बसवायचे, यावर सभा दोन तास चालली.
सरपंच बोलले, डांबरी रस्त्याकडून सुरू कर,
साहेबाची गाडी तिथंच थांबते.
शेवंता पटले बोलली, ट्रॅक्टर आला का
पोरी सायकली घेऊन अगदी काठावर उभ्या राह्यतेत,
चालणारे त्यांच्याही मागं.
सोविंदा ढिवर काहीच बोलला नाही.
सभा उठल्यावर मला पाळीवर घेऊन गेला,
सांडव्याच्या पुढं, जांभळीच्या वळणावर.
"इथं बांबू टेकत नाही."
एवढंच.

टेप मी तिथूनच लावला.
सरपंच अजून नीट बोलत नाहीत.

आता धान कापणीला आलं.
पोरी कठड्याला हात लावून पायडल फिरवतात,
डोक्यावर भारा असलेली बाई तिथंच दम खाते,
रविवारी कुणाचं तरी जाळं वाळत असतं,
रंग निघतो, मी काही बोलत नाही.

सत्तरावा मीटर संपतो
तिथं पाइप सरळ कापला नाही.
दीड हात वाकवून जमिनीत नेला.
अंधारात कुणाचा हात सरकत आला
तर तळव्याला कळावं.

बिल सत्तरचंच दिलं.

पुढचे दोनशे सत्तर
पोरी घंटी वाजवत जातात.